हळदीची चार बोटं

"तू तिथंच थांब. उंबऱ्याच्या बाहेर."

सरांनी आवाज चढवला नाही. हातात कापराची डबी होती, ती उघडता उघडता त्यांनी हे सांगितलं. माझ्याकडे पाहिलंही नाही.

प्रयोगशाळेला उंबरा नाही. दाराच्या चौकटीखाली एक लोखंडी पट्टी आहे. गॅसचं सिलिंडर आत ढकलताना ती आडवी येते, म्हणून सगळे तिला शिव्या घालतात. त्या दिवशी सरांनी तिला उंबरा म्हटलं आणि ती उंबरा झाली. मी तिच्या अलीकडे, सगळ्यांच्या चपलांशेजारी उभी राहिले.

आत आयुधपूजा चालली होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या कॉलेजात यंत्रांची पूजा होते. स्पेक्ट्रोमीटरला झेंडूचा हार घातला होता. तेलाच्या शेगडीला हार. ज्या काचेच्या फ्लास्कमध्ये आम्ही स्फटिक वाढवतो, त्याच्या तिन्ही तोंडांत एकेक फूल खोचलं होतं. मधोमध पाट, पाटावर रेशमी कापड, आणि कापडावर मी घडवलेली प्लास्टिकची शीट.

"सर," मी बाहेरून म्हणाले, "सुतक फिटलंय. दहावं, तेरावं सगळं झालं."

"इकडे आईबाप गेल्यावर वर्षभर धरतात," सर म्हणाले. "तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

शेजारी श्रीनिवास नारळ धरून उभा होता. तोही माझ्यासारखाच सरांच्या हाताखाली पीएच.डी. करणारा. त्याची आई याच उन्हाळ्यात गेली होती. आम्ही सगळे त्याच्या घरी जाऊन आलो होतो. सरांनी "हं" म्हटलं आणि त्यानं नारळ फोडला.

मी ते पाहिलं. चपलांशेजारून.

सर आमच्यातलेच, म्हणजे मराठीच. पिढ्यान् पिढ्या इथं तेलंगणात, आदिलाबादेत राहिलेलं, शिकलेलं, नोकरदार घर. माझी मुलाखत घेताना गाव विचारलं होतं. मी बोथच्या पुढच्या एका गावाचं नाव सांगितलं. मग विचारलं, "गावात कुठं?" हा प्रश्न कशासाठी असतो, ते आम्हाला लहानपणापासून कळतं. मी सरळ सांगितलं, मांगवाड्यात. ते म्हणाले, "छान. छान." दोनदा म्हणाले.

पहिल्या वर्षी पूजेच्या दिवशी त्यांनी मला निर्मलला पाठवलं. पाहुण्यांना भेट द्यायला लाकडी खेळणी आणायची होती. मी हौसेनं गेले. रंगवलेले पोपट, सीताफळं, आंबे निवडून खोका बांधून आणला. परत आले तेव्हा पूजा आटोपली होती. दुसऱ्या वर्षी सर्वांसमोर विचारलं, "तुझी अडचण वगैरे नाही ना?" मी काही बोलायच्या आत म्हणाले, "राहू दे, आज बाहेरच बस." तिसऱ्या वर्षी माझा बाप मेला. त्यांचं काम सोपं झालं.

खोटं लिहिणार नाही. बाप गेला तेव्हा त्यांनी रजा लगेच दिली. गाडी करून देतो म्हणाले. मला वाटलं होतं, माणूस बदलतो. त्या दयेचा हिशेब ते असा लावतील, हे माझ्या मनातही नव्हतं.

आता शीटबद्दल लिहायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आम्ही अर्धवाहकाचे बारीक स्फटिक बनवतो. इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत, साध्या सूक्ष्मदर्शकालाही नाहीत. त्यांना क्वांटम डॉट म्हणतात. पदार्थ एकच असतो. स्फटिक लहान ठेवला तर तो हिरवा उजेड देतो, थोडा वाढू दिला तर पिवळा, आणखी वाढला तर लाल. निळा किंवा जांभळा प्रकाश पाडला की तो गिळतात आणि आपल्या रंगात परत देतात. हे स्फटिक पारदर्शक प्लास्टिकमध्ये रुजवायचे आणि ती शीट निळ्या दिव्यावर बसवायची. डोळ्यांना टोचणारा उजेड ऊबदार होतो. कागदावर हे सोपं आहे. खरी अडचण रुजवण्यात आहे. ओतताना स्फटिक एकमेकांना चिकटतात, गोळे होतात, आणि गोळा झाला की उजेड विझतो. शीट राखेसारखी मळकट निघते.

माझ्या किती शीट मळकट निघाल्या, ते सांगत नाही. शेवटी जमलं. प्लास्टिकचं द्रव आधी मंद आचेवर मधासारखं घट्ट होऊ द्यायचं, स्फटिक मग सोडायचे. घट्ट द्रवात त्यांना हलता येत नाही, ते आहेत तिथं अडकतात. मग दोन काचांमध्ये रबराची पट्टी लावून ते ओतायचं आणि घाई न करता तापवायचं. काचा सोडवल्या तेव्हा पिकल्या टेंभुर्णीच्या रंगाची, आरपार स्वच्छ शीट हातात आली. मी ती दिव्यावर धरली. एकही गोळा नाही. मी खुर्चीवर बसले आणि बराच वेळ उठले नाही.

तिचा एकच नियम होता. पृष्ठभागाला उघडं बोट लावायचं नाही. हातमोजे घालायचे आणि कडेनं धरायची. तो नियम मी ठरवला होता. सरांनी तो भिंतीवर छापून लावला होता.

आणि धुणं. ते माझ्याकडे होतं. आमच्या कामात कॅडमियम लागतं, ते विषारी. त्याची भांडी आधी वेगळ्या द्रावणानं, मग आम्लानं, मग पाण्यानं धुवायची, आणि खरकटं पाणी मोरीत न ओतता कॅनमध्ये साठवायचं. नियमाप्रमाणे प्रत्येकानं आपापलं धुवायचं. सुरुवातीला मी माझं धुतलं. मग श्रीनिवासचं माझ्या भांड्यांत येऊन पडलं, मग सगळ्यांचंच. मी विचारलं तेव्हा सर म्हणाले होते, "तुझा हात बसलाय. बाकीच्यांना जमत नाही." हात बसलाय. मीही ते कौतुक समजून घेतलं. काही दिवस तरी.

एकदा सुटीत घरी जाताना मी एक छोटी कुपी आणि जांभळ्या उजेडाचा टॉर्च घेऊन गेले. बापाला दाखवायचं होतं. बाप डफडं वाजवायचा. लग्नाच्या वरातीत सगळ्यात पुढं, जेवणाच्या पंगतीत सगळ्यात मागं, मांडवात कधीच नाही. मी अंधाऱ्या खोलीत कुपीवर टॉर्च धरला. कुपी निखाऱ्यासारखी लाल झाली.

"आग नाई, धूर नाई," बाप म्हणाला. "मंग पेटलं कायनं?"

मी समजावलं. ते कण किती बारीक, ते कसे दूर दूर ठेवावे लागतात, जवळ आले की कसे विझतात.

बाप कुपी फिरवत राहिला. मग हसला. त्याला हसलं की खोकला यायचा.

"दूर ठेवल्यानं उजेड पडते म्हन्तं? मंग आपल्या घरात तं लय उजेड पाह्यजे होता."

माय चुलीपाशून ओरडली, "पोरगी येवढं शिकून आली आन तुमाले मस्करी सुचून राह्यली!"

"मस्करी नाई ओ," बाप म्हणाला. "म्या तं इचारून राह्यलो."

तो भादव्यात गेला. खोकलाच होता. बाप गेल्यावर मी त्याच्या हसण्याचा अर्थ लावत बसले. तेव्हा लावला असता तर बरं झालं असतं असंही वाटतं. पण ते राहू दे.

पूजेच्या दिवसाकडे परत येते.

मी चपलांशेजारी उभी. आत सरांनी समई लावली, बोटाला तूप लागलं ते धोतराला पुसलं, अर्धवट. पूजेला मोजे चालत नाहीत म्हणून हात उघडे. बासरच्या देवळातून खास आणलेली हळद एका वाटीत कालवलेली होती. नव्या वस्तूवर आपल्याकडे हळदीकुंकवाची बोटं ओढतात. नवी गाडी, नवं पुस्तक, नवं तिजोरीचं दार. सरांनी चार बोटं हळदीत बुडवली आणि हात शीटकडे नेला.

"सर, हात..." मी बोलले.

त्यांनी दुसरा तळवा माझ्याकडे उभा धरला. गप्प. मंत्र चालला होता. आणि माझ्या शीटवर चार बोटं ओढली, वरून खाली, सावकाश. आरती झाल्यावर रुमालानं पुसून टाकली. तांबूस शीटवर पिवळं काही दिसेना. त्यांनी ती कपाटात ठेवली, किल्ली खिशात टाकली, आणि कॉलेज दसऱ्यासाठी बंद झालं.

सुटी संपल्यावर पाहुणे आले. हैदराबादच्या एका दिवे बनवणाऱ्या कंपनीतले एक गृहस्थ आणि एक बाई. त्यांना शीट आवडली तर पुढचं काम त्यांच्यासोबत होणार होतं, आणि माझा प्रबंध त्याच कामावर उभा होता. सरांनी कपाट उघडलं. मी मोजे घालून शीट कडेनं धरली आणि स्टँडवर लावली. खोलीतले दिवे बंद केले. सरांनी स्वतः जांभळा दिवा लावला.

शीट पेटली. लालभडक. आणि तिच्या मधोमध, वरून खाली, चार हिरवट पिवळे पट्टे चमकत होते.

हळद जांभळ्या उजेडात चमकते. आणि हळद प्लास्टिकमध्ये मुरते. स्वयंपाकघरातला पिवळा पडलेला डबा पाहिलेल्या कुणालाही हे माहीत आहे.

"ये क्या है?" बाईंनी विचारलं. "दाग है?"

खोलीत अंधार होता. सरांचा चेहरा मला दिसला नाही. आवाज ऐकू आला.

"सफ़ाई की आदत नहीं है इनको, मैडम. घर में ही नहीं होती, यहाँ कहाँ से आएगी."

इनको. रोख एकट्या माझ्यावर होता. पण सर इसको म्हणाले नाहीत, इनको म्हणाले. माझ्याबरोबर माझी माय, माझा मेलेला बाप, आमचा सगळा वाडा त्या अंधारात उभा केला. माझ्या मायनं रोज पहाटे सारवलेलं अंगण मला आठवलं.

मी म्हणाले, "हल्दी है, मैडम. पूजा की. सर के हाथ की."

बाई हसल्या. वाईट नव्हत्या हसत. "हल्दी? अरे वाह, हल्दी भी चमकती है!" त्यांनी सोबतच्या गृहस्थांना जवळ बोलावलं. "देखिए न, उँगलियाँ दिख रही हैं." दोघं वाकून पाहू लागले. त्यांच्यासाठी ती गंमत होती. मला वाटलं होतं, खरं बोललं की काहीतरी हलतं. काही हललं नाही. दिवे लागले, पाहुणे चहाला गेले.

सर मागं थांबले. श्रीनिवासही थांबला, दाराजवळ.

"बासरची हळद आहे ती," सर म्हणाले. "सरस्वतीची. तिला तू परक्या लोकांसमोर घाण म्हणालीस."

"मी घाण म्हटलं नाही. हळद म्हटलं."

"तोंड चालवू नकोस. पूजेवर खापर फोडलंस. त्या फोटोसमोर जा, हात जोड, चूक झाली म्हण. आणि ही शीट धुऊन आण."

भिंतीवर सरस्वतीचा फोटो होता, अजून हारासकट. तिच्याशी माझं भांडण नव्हतं. मी शीटकडे पाहिलं. धुऊन ते पट्टे जाणार नव्हते. हे मला माहीत होतं, आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक असल्यामुळे सरांनाही माहीत होतं. शीट स्वच्छ व्हावी असं त्यांना वाटत नव्हतं. मी मोरीपाशी वाकलेली दिसावी, एवढंच हवं होतं. त्यांच्या बोटांचे ठसे माझ्या हातांनी घासताना.

त्या क्षणी मला फार राग आला असं नाही. उलट सगळं थंड झालं. पहिल्या वर्षीचं निर्मल, दुसऱ्या वर्षीचा तो प्रश्न, बापाचं सुतक, भांड्यांचा ढीग, सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं. इतकी वर्षं मी प्रत्येक गोष्टीला वेगळं कारण शोधून देत होते. कारणं त्यांनी दिली त्याहून जास्त मीच पुरवली होती.

मी हातातले मोजे काढले आणि टेबलावर ठेवले.

"मी धुणार नाही," मी म्हणाले. "ही शीट नाही, आणि यापुढं माझं सोडून कुणाचं भांडंही नाही."

"मग इथं तुझं काय काम?"

"ही शीट. हेच माझं काम."

सर हसले. "शीट लॅबची आहे. तुझं नाव कुठं लिहिलंय तिच्यावर? उद्यापासून श्रीनिवास बघेल पुढचं."

श्रीनिवास फरशीकडे पाहत होता.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा कुलूप नवं होतं. काचेतून आतली माझी खुर्ची दिसत होती. मी थोडा वेळ उभी राहिले. मग मुख्य इमारतीत गेले आणि कॉलेजच्या समितीकडे तक्रार दिली. जे घडलं ते, जसं घडलं तसं. जातीचा शब्द गाळला नाही.

गावी आले. मायला सांगितलं. बाप जाऊन फार दिवस झाले नव्हते, तिच्या मोकळ्या कपाळाची सवय मला अजून झाली नव्हती. ती कापसाच्या वाती वळत होती. वळायची थांबली नाही.

"येक बार म्हनून टाक ना माय, चुकलं म्हून. काय झिजते?"

"काय चुकलं माय?"

"चुकलं नाई तरी म्हनतेत. तुह्या बापानं जलमभर म्हटलं."

"म्हणूनच."

"काऊन येवढं तानून राह्यली तू? दोन वर्सं राह्यले तुह्ये. मंग डॉक्टर होशीन. मंग म्हन, काय म्हनाचं ते."

तिचं चूक नव्हतं. तिनं पाहिलेल्या जगात हाच एक रस्ता पोचत होता. पण मी पाहिलंय, तो कुठं पोचतो. मांडवाच्या कडेला पोचतो. माय रागावली, त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही, आणि आजही ती माझ्या बाजूची नाही. ती येईल असं मी धरून चाललेले नाही.

मग श्रीनिवास आला. मोटरसायकलवर, आमच्या गावापर्यंत. पहिल्यांदाच. ओट्यावर बसला. मायनं चहा दिला तो त्यानं प्यायला, हे लिहायला हवं.

"अक्का, एक बार सॉरी बोल दे ना," तो म्हणाला. "सर का गुस्सा ऐसाच है, उतर जाता. कम्प्लेंट वापस ले लिए तो पेपर में तेरा नाम रखते बोले. पहला नाम."

"पहिलं नाव माझंच आहे, श्रीनिवास. ते काय ठेवणार?"

त्यानं चहा फुंकला.

मी विचारलं, "तेरी अम्मा कब गई?"

"मे में. तू आई थी ना."

"फिर पूजा में तू अंदर कैसे था?"

त्यानं कप खाली ठेवला. म्हणाला, "मेरे को किसी ने पूछाच नहीं, अक्का."

एवढंच. तो खरं बोलला. त्याला कुणी विचारलंच नाही. त्याची आई मेली ते दुःख होतं. माझा बाप मेला तो विटाळ होता.

"समितीसमोर हे सांगशील?" मी विचारलं.

"मेरा थीसिस भी उनकेच पास है." तो उठला. मायला नमस्कार केला. मोटरसायकल लवकर सुरू होईना, तेव्हा आम्ही दोघंही दुसरीकडे पाहत राहिलो.

सोमवारी समितीपुढं माझी सुनावणी आहे. साक्षीदार नाही. शीट सरांच्या कपाटात आहे आणि तोवर तिचं काय केलं असेल, ते मला माहीत नाही. समितीवर सरांच्या ओळखीचे लोक आहेत. ते आधी समजूत काढतील, मग माझ्या भविष्याची काळजी करतील, मग विचारतील, एवढ्याशा गोष्टीसाठी? हे सगळं मी आजच ऐकू शकते.

मी जाणार आहे. सरांचं नाव घेऊन सांगणार आहे, माझी जात सांगून सांगणार आहे. तक्रार मागं घ्यायच्या बदल्यात त्यांनी शोधनिबंधावर माझं नाव देऊ केलं तर मी ते घेणार नाही, कारण ते देणं त्यांच्या हातातलं नाहीच. मला माझं काम परत हवं, आणि त्यांचा जबाबही हवा. दोन्ही. एकासाठी दुसरं सोडणार नाही. समितीनं दार लावलं तर मी पोलीस ठाण्यात जाईन, तिथून कोर्टात. प्रबंध राहिला तर राहील. दुसरीकडे, दुसऱ्या मार्गदर्शकाकडे, पहिल्यापासून नवी शीट ओतीन. ती कशी ओततात ते माझ्या हातात आहे आणि त्याला कुणाला कुलूप लावता येत नाही.

माफी मी मागणार नाही. हे मी मायलाही सांगितलं आहे.